घाटवडाळीची निळी पेटी परत नेणेबाबत

प्रति,
मा. विभागीय समन्वयक,
सूक्ष्म प्रदूषक निवारण व सागरी जीव संरक्षण कक्ष (गोदावरी खोरे),
जालना.

अर्जदार : श्रेणिक सुवालाल बाकलीवाल, धंदा मेडिकल (सध्या बंद), रा. घाटवडाळी, शहागडजवळ, ता. अंबड, जि. जालना.

विषय : समुद्रातील मासे वाचविण्यासाठी अर्जदाराच्या दुकानापुढे बसविलेली निळी पेटी उचलून नेणे, दुकानाचे सील काढून देणे व सोबत जोडलेली पिशवी ताब्यात घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले कौतुकाचे पत्र. २) आपलेच खुलासा मागणारे पत्र. ३) अर्जदाराची आजवरची स्मरणपत्रे, जी आपल्या स्मरणात नसावीत.

महोदय,

समुद्रातील मासे खुशाल असतील अशी आशा आहे. अर्जदार खुशाल नाही, म्हणून हा अर्ज.

प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे की, हा अर्ज अर्जदाराने स्वहस्ते लिहिलेला नाही. या प्रकरणाविषयी लिहायला बसले की तो पेन इतके दाबतो की कागद फाटतो. सबब अंबडला तहसीलसमोर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणारे अर्जलेखक बदरोद्दीन यांनी त्याच्या तोंडून ऐकून तो उतरविला आहे. सांगताना अर्जदाराने काही ठिकाणी असे शब्द वापरले की जे कचेरीत चालत नाहीत. त्या त्या ठिकाणी लेखनिकाने 'आदरणीय' हा शब्द घातला आहे. तरी अर्जात जेथे 'आदरणीय' आढळेल तेथे साहेबांनी समजून घ्यावे.

१. अर्जदाराचे आजोबा निजामाच्या राज्यात राजस्थानातून इकडे आले व घाटवडाळीचेच होऊन गेले. घर जैन आहे. ताटात कांदा-लसूणही येत नाही, तिथे मासळीचे नाव कोण काढतो! अर्जदाराने आजवर समुद्र पाहिलेला नाही. मासा पाहिला आहे तो शहागडच्या बाजारात, तोही नाकाला रुमाल लावून. अशा माणसाच्या गळ्यात अख्ख्या समुद्रातले मासे कसे पडले, ही हकीकत पुढे क्रमाने देत आहे.

२. मागील वर्षी हिवाळ्यात आदरणीय समन्वयक साहेब, म्हणजे आपण स्वतः, पडदा आणि यंत्र घेऊन आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत आला होतात. माणसाने खाल्लेली गोळी पोटात पुरती जिरत नाही, तिचा अंश मोरीतून नालीत, नालीतून नदीत आणि नदीतून समुद्रात जातो, असे आपण समजावून सांगितले. तो अंश इतका बारीक असतो की सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रालासुद्धा सापडत नाही, असेही सांगितले. आमच्या गावात यंत्रच नाही, त्यामुळे तो त्याला सापडला नाही हे अगदी बरोबर आहे. पाळणा लांबविण्याच्या गोळ्यांमुळे नर माशाच्या पोटात अंडी दिसू लागतात हे आपण सांगितल्यावर मागच्या रांगेत बराच वेळ हशा चालला होता. तो थांबल्यावर लेखनिकाच्या मातोश्री अकबरबी उठल्या. त्यांना शुगर आहे. त्यांनी आपणांस भर सभेत विचारले की, "साहब, गोळी खावावी तर मासोळी मरते, न्हाई खावावी तर मी मरते. बराबर सांगा, कुणाला मारू?" त्यावर 'चांगला प्रश्न आहे' असे म्हणून आपण पुढचे चित्र लावलेत. अकबरबींना अद्याप उत्तर मिळालेले नाही.

३. पोटातून जाणाऱ्या गोळीचे आपणांकडे उत्तर नव्हते, पण न खाल्लेल्या गोळीचे होते. आमच्या भागात माणूस गेला की त्याची उरलेली औषधे घरात ठेवीत नाहीत. दुखणे घरात रेंगाळते म्हणतात. दहाव्याला घाटावर जाताना पिंडाच्या सामानासोबत ती पिशवीही घेतात आणि गंगेत सोडतात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. ही रीत आपण हेरली होती. 'मयताची औषधे नदीत टाकू नका, आमच्या पेटीत टाका, समुद्र तुमचे उपकार विसरणार नाही,' असे आपण म्हणालात, आणि मग पडद्यावर एक मासा तडफडताना दाखविला.

त्या माशाने घात केला. बायकांच्या बाजूला अर्जदाराची आई उषाबाई बसली होती. आईचा जीव असा की, मुंगीच्या वाटेवर पाण्याचा तांब्याही ठेवायची नाही. मासा बघून तिने पदर डोळ्याला लावला व उभी राहून म्हणाली, "पेटी आमच्या दुकानापुढं बसवा. मुक्या जिवाची हाय वाईट असते. माझा श्रेणिक सांभाळील." श्रेणिकला विचारण्याची पद्धत त्या घरात नव्हती. आपण तिला तिथल्या तिथे शाल-नारळ दिलात. अर्जदाराने टाळ्या वाजविल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

४. पेटी आली. निळी, लोखंडी, माणसाच्या छातीएवढी. दुकानाच्या पायरीलगत फरशी फोडून सिमेंटात पक्की बसविली. किल्ली आपल्या कक्षाकडे राहील, पेटी भरल्यास कळवावे, कक्षाचे वाहन येऊन रिकामी करील, असे कागदावर ठरले. पेटीवर दर्शनी बाजूस एक हसणारा डॉल्फिन रंगविलेला होता. पहिले काही महिने पेटीत कोणी काहीही टाकले नाही. एका कोंबडीने तिच्या आडोशाला अंडी घातली, एवढाच काय तो सागरी जीवांना फायदा. त्या काळात आपले एक पत्र आले की, प्रतिसाद असमाधानकारक असून अर्जदाराने जनजागृती करावी. अर्जदाराने ती केली नाही. जी झाली ती कावळ्याने केली.

५. आमच्या गल्लीतल्या नंदाबाई यांचे सासरे वारले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळेच कावळे, पण एक आदरणीय कावळा खाली उतरेना. घरच्यांनी हात जोडून एकेक गोष्ट कबूल केली. वाटणी भांडण न करता करू म्हणाले, धाकट्याचे लग्न उरकू म्हणाले, म्हातारीला अंतर देणार नाही म्हणाले, पिंडाशेजारी विडीचे बंडलही ठेवून पाहिले. कावळा ढिम्म. मग नंदाबाईंना आठवले की मामंजींच्या बीपीच्या गोळ्या देवळीतच राहून गेल्या. त्या घाटावरून पळत घरी गेल्या. पिशवी घेतली, पण गंगेत टाकायला साहेबांनी मना केले आहे हे आठवून ती वाटेवरच्या आमच्या पेटीत टाकली. आणि नेमका त्याच वेळी तिकडे कावळा शिवला.

खरी गोष्ट अशी की, पिंडाभोवती दाटी करून उभी राहिलेली माणसे नंदाबाई कुठे पळाल्या ते बघायला मागे फिरली, म्हणून कावळ्याला वाट मोकळी झाली. अर्जदाराने हे सगळ्यांना पटवून पाहिले. कोण ऐकतो! नंदाबाई तर सांगत सुटल्या की, "पेटीत पिशवी पडली अन् तिकडं कावळा शिवला. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं." त्या वेळी त्या पेटीजवळ होत्या, घाटावर नव्हत्या, ही बाब लक्षात आणून दिली असता त्यांनी अर्जदारास नास्तिक ठरविले.

त्यात तो डॉल्फिन. आमच्याकडे असा प्राणी कोणी पाहिलेला नाही. मासा असून हसतो म्हणजे साधा नव्हे, हा मत्स्यावतारच, असे गावाने ठरवून टाकले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या कपाळी कुंकू लागले. पुढे हळद आली, अगरबत्ती आली, नारळ फोडायला दुकानाची पायरी कामी आली. बघता बघता शहागडहून, अंकुशनगरच्या कारखान्यावरून, पार जांब समर्थच्या बाजूकडून माणसे येऊ लागली. ज्या घरात कावळा अडून बसला त्या घरची पिशवी पेटीत पडल्याखेरीज दहावा पुरा झाला असे कोणी मानीना.

६. महोदय, मेडिकलचा धंदा जिवंत माणसांवर चालतो. खोकल्याचे औषध घ्यायला आलेला माणूस दुकानापुढे डोकी भादरलेली मंडळी रांगेत उभी पाहून आल्या पावली परत जाऊ लागला. बाळंतिणीचे घरचे तर वाट वाकडी करून शहागडला जाऊ लागले. वराती आमच्या गल्लीतून यायच्या बंद झाल्या. एका गृहस्थाने तापाची गोळी हातात घेऊन अर्जदारास विचारले की, "शेठ, ही गोळी इकडची का तिकडची?" अर्जदाराने पेटीकडे हात करून शपथ घेतली, तरी त्याने गोळी काउंटरवर ठेवली व निघून गेला. दुकानात शेवटपर्यंत नेमाने येणारे एकच गिऱ्हाईक राहिले, त्या म्हणजे अकबरबी. येऊन पायरीवर आईशेजारी बसायच्या, दोघी जणी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिशवी नीट आत ढकलायला सांगायच्या. आईला धंदा बुडाल्याचे सोयरसुतक नव्हते. अर्जदार कुरकुरला की ती म्हणायची, "माणसं गंगेत टाकत न्हाईत ना आता? मंग बस्स."

या काळात आपण एकदा आलात. कुंकू लावलेल्या पेटीशेजारी उभे राहून फोटो काढलात. 'सागरी जीवांच्या रक्षणार्थ ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग' असे त्याखाली छापून आले व पाठोपाठ अर्जदारास आपले कौतुकाचे पत्रही आले. अर्जदाराने तेव्हाच पाय धरून विनंती केली की पेटी गळ्यापर्यंत भरली आहे, रिकामी करा. आपण म्हणालात की वाहनाची निविदा काढली आहे. पुढे लेखी विचारले असता लेखी उत्तर आले की, पेटी भरल्याची खातरजमा कक्षाचा कर्मचारी प्रत्यक्ष पाहून करील, व कर्मचाऱ्याची नेमणूक झाल्यावर तो पाहायला येईल. तोवर पेटी रिकामी असल्याचे समजण्यात यावे. अर्जदाराने तसे समजून पाहिले. पण पिशव्या समजून घेईनात. त्या फटीतून बाहेर डोकावू लागल्या, मग पेटीवर रचल्या गेल्या, मग दुकानाच्या कडीला टांगल्या गेल्या.

७. पावसाळा तोंडावर आला तेव्हा आईने नवीनच ध्यास घेतला. बाहेर राहिलेल्या पिशव्या पहिल्या सरीबरोबर नालीत जातील, नालीतून गंगेत, मग साहेब म्हणाले तसे समुद्रात. अर्जदार दुपारी जेवायला घरी गेला असता तिने आणि अकबरबींनी मिळून त्या सगळ्या पिशव्या पोत्यात भरल्या आणि पोती दुकानात आणून ठेवली. दोघी गुडघ्याने अधू. पोती कशी ओढली त्यांचे त्यांना ठाऊक. अर्जदार परत येऊन बघतो तो खुर्चीच्या जागी पोते आणि काउंटरच्या आत जायला वाट नाही. तो आईवर ओरडला. ती नुसती हसली आणि पदराने घाम पुसत बसली.

नेमके त्याच आठवड्यात एक आदरणीय औषध निरीक्षक तपासणीला आले. त्यांनी पोत्यात हात घातला. निघाल्या सगळ्या मुदत संपलेल्या गोळ्या, अर्ध्या पाकिटांवर मयतांच्या नावाच्या चिठ्ठ्या. 'दुकानात मुदतबाह्य औषधांचा प्रचंड साठा' असा पंचनामा झाला. अर्जदाराने आपले कौतुकाचे पत्र पुढे केले. समुद्राचे सांगितले, माशांचे सांगितले, नर माशाच्या अंड्यांचेसुद्धा सांगितले. निरीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, "मासे आमच्या अखत्यारीत येत नाहीत." शटर खाली ओढले, कुलूप घातले, लाखेचे सील ठोकले. जाता जाता पेटीच्या फटीवरही कागद चिकटवून शिक्का मारला, न जाणो कोणी आणखी साठा करील. त्या दिवशी अकबरबींची शुगरची गोळी शटरच्या आत राहिली. पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "दवा अंदर, बीमार बाहर. ह्यो कुठला कायदा रे बाबा?" तेव्हापासून त्यांना गोळीसाठी एसटीने शहागड गाठावे लागते.

८. सील काढून घेण्यासाठी अर्जदाराने काय काय केले ते थोडक्यात देत आहे. निरीक्षकांचे म्हणणे, मुदतबाह्य साठा हलविल्याखेरीज सील निघणार नाही. साठा हलवायचा तर आत जावे लागते, आत जायचे तर सील काढावे लागते. म्हणून अर्जदार आपणांकडे आला. आपण लेखी कळविलेत की सदर साठा ही कक्षाची मालमत्ता असून कक्षाच्या वाहनाखेरीज अन्य कोणी हलविल्यास कारवाई होईल. वाहन कधी येईल विचारले. वाहन मंजूर आहे, परंतु सील असलेल्या जागेत कक्षाच्या वाहनास काम करता येत नाही, तरी आधी सील काढून आणावे, असे उत्तर मिळाले. वर खुलासाही मागितलात की, कक्षाची मालमत्ता सील होऊ दिलीच कशी? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरच कोणी नाही, फक्त संन्यासी आहेत आणि फाशीची मात्र घाई आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायाने अर्जदाराने दोन्ही कार्यालयांत जे जे आदरणीय पाय दिसले ते धरून पाहिले. त्यातून एवढेच साधले की दोन्ही कार्यालयांचे शिपाई आता त्याला नावाने हाक मारतात व चहा विचारतात.

९. दुकान बंद झाले, पण माणसे मरायची थांबली नाहीत. पेटीची फट बंद दिसली की लोक पिशवी शटरच्या कडीला बांधून, डॉल्फिनला हात जोडून निघून जात. अशात स्वच्छ गाव स्पर्धेची समिती येणार म्हणून गावात सफाई निघाली. पंचायतीचा ट्रॅक्टर आला. कडीच्या, पायरीवरच्या, पेटीवरच्या सगळ्या पिशव्या ट्रॉलीत भरल्या. आईने ड्रायव्हरला विचारले, कुठे नेतोस? तो भला माणूस, त्याने खरे ते सांगितले. "गंगेला, आजी. आणखी कुठं?"

दोघी म्हाताऱ्या ट्रॅक्टरच्या मागून पुलापर्यंत चालत गेल्या. पोहोचेपर्यंत ट्रॉली रिकामी झाली होती. पुलाखाली पाण्यावर चकचकीत पाकिटे तरंगत होती, काही पिशव्या फुटून गोळ्या विरघळत होत्या, आणि घाटाच्या कडेला बारक्या मासोळ्या खायला मिळाले म्हणून गर्दी करून तोंड लावीत होत्या. अकबरबी सांगतात की उषा कठड्याला धरून खाली वाकली. मग म्हणाली, "एवढ्या माणसांचं दुखणं आपण दारात सांभाळलं, ते यासाठी?" स्पर्धेत गावाला बक्षीस मिळाले. समारंभाला आपणही होतात. भाषणात आपण निळ्या पेटीचा उल्लेख केलात, ही गोष्ट अर्जदार विसरलेला नाही.

पुढील मजकूर हा मुद्दा नाही, म्हणून त्यास क्रमांक घातलेला नाही.

आईला हृदयाचा त्रास जुनाच होता. पुलावरून आली ती अंथरुणाला लागली. तिच्या जाण्याचा दोष अर्जदार कोणावर ठेवीत नाही. वय झाले होते, डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पण मेडिकलवाल्याची आई असून तिने शेवटी शेवटी गोळी हातात घेऊन विचार करावा, हे त्याला सोसले नाही. गोळी तोंडाशी नेऊन ती थांबायची आणि म्हणायची, "श्रेणिक, ही पण जाईल का रे मासोळीच्या पोटात?" तो म्हणायचा, नाही, आई, ही जात नाही, घे. खोटे बोलायचा. ती घ्यायची.

दिवाळी सरली आणि ती गेली. आदल्या दिवशी अर्जदाराला जवळ बोलावून तिने एवढेच सांगितले, "माझ्या राहिलेल्या गोळ्या गंगेत न्हाई टाकायच्या. साहेबांच्या पेटीत टाक. त्यांची गाडी येईल. त्यांनी सांगितलंय."

महोदय, तिचा आपल्यावर शेवटपर्यंत विश्वास होता. सगळ्या घाटवडाळीत तसा एकटीचाच होता.

आम्हा जैनांत पिंड नाही, कावळाही नाही. गल्ली मात्र आमच्या दुःखात सामील होती. नंदाबाई पिशवी घेऊन स्वतः पेटीपर्यंत आल्या. फटीवरचा शिक्का बघून त्याच हळूच म्हणाल्या की, "गंगेत सोडा गुपचूप. एवढ्या गेल्या, आणखी एका पिशवीनं काय व्हतंय?" अर्जदार पहाटे पिशवी घेऊन घाटावर गेला. पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभा राहिला आणि पिशवी तशीच घेऊन परत आला. परत येताना पायरीवर बसून तो रडला. हे अर्जात लिहू नको असे त्याने लेखनिकास बजावले आहे, तरी लेखनिकाने लिहिले आहे. त्या पायरीवर उषाबाईंच्या शेजारची जागा लेखनिकाच्या आईची आहे. ती आता तिथे एकटीच बसते आणि म्हणते, "उषा गेली. आता मासोळ्यांचं कोण पुसणार?" हे ऐकल्यावर 'आदरणीय' शब्द लेखनिकास स्वतःच्या तोंडी आलेल्या शब्दांच्या जागीही वापरावासा वाटला, पण अर्जात आधीच तो बराच झाला आहे.

तरी विनंती की, पेटी उचलून न्यावी. ती नेता येत नसल्यास तिच्यावरील डॉल्फिनचे हसणे तरी रंगाऱ्याकडून पुसून घ्यावे. दुकानाचे सील काढून द्यावे. ते काढणे आपल्या अखत्यारीत नसल्यास ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांच्यासह आपण एकाच खोलीत बसून चहा घ्यावा. चहा अर्जदार आणील. साठा समुद्रापर्यंत जाऊ नये म्हणून अडविला होता, आणि तो अडविणाऱ्याचीच वाट अडली आहे, एवढे दोन्ही कार्यालयांनी एकमेकांना सांगावे. अकबरबींची गोळी शटरच्या आत आहे, ती तिची मुदत संपण्याआधी बाहेर यावी, नाहीतर तीही साठ्यात मोजली जाईल.

यातले काहीच होत नसेल तर अर्जदाराचा हट्ट नाही. शेवटची एक विनंती मात्र सोडणार नाही. सोबत जोडलेली पिशवी आपण आपल्या हाताने घ्यावी आणि पोच द्यावी. ती पेटीत टाकण्यासाठीच आहे. पेटी आपली आहे, किल्लीही आपल्याकडे आहे. पोच मिळेपर्यंत अर्जदार आपल्या कचेरीच्या पायरीवर बसून राहील. कचेरीच्या मागच्या बाजूला हात धुण्याचे बेसिन आहे आणि त्याचा पाइप कुंडलिका नदीच्या पात्राकडे निघतो, हे त्याने मागल्या खेपेस पाहून घेतले आहे. तरी पिशवी तिकडे नेऊ नये. त्याच्या आईला कळेल.

आपल्या पेटीचा बिनपगारी राखणदार
व आपला नम्र,

(सही)
श्रेणिक सुवालाल बाकलीवाल
घाटवडाळी
दि. ११ नोव्हेंबर २०२५

अर्ज लिहिणार : बदरोद्दीन, अर्जलेखक, अंबड. (मजकूर अर्जदारास वाचून दाखविला. बरोबर असल्याचे त्याने सांगितले. रडल्याचे वाक्य वाचले नाही.)

सोबत :
१) आपले कौतुकाचे पत्र, झेरॉक्स.
२) आपले खुलासा मागणारे पत्र, झेरॉक्स.
३) आईला दिलेल्या शालीचा फोटो. शाल तिच्यासोबत गेली.
४) कै. उषाबाई सुवालाल बाकलीवाल यांच्या राहिलेल्या गोळ्यांची पिशवी. मूळच जोडली आहे. दुसरी प्रत नाही.